ट्यूबमध्ये ५ नॅनोमोलरला बसतो, पेशीत मात्र ढिम्म हलत नाही: रायबोस्विच बिघडलाय का?

प्रश्न थोडक्यात असा. बॅसिलस सबटिलिस या बॅक्टेरियातल्या एक्सपीटी जीनच्या आधी ग्वानीन ओळखणारा जो रायबोस्विच असतो (म्हणजे आरएनएचाच एक तुकडा, जो छोटा रेणू धरून पुढचा जीन चालू-बंद करतो), तो तुम्ही लॅकझेड रिपोर्टरला, म्हणजे सहज मोजता येणारं प्रोटीन बनवणाऱ्या जीनला, जोडलाय. ट्यूबमध्ये इन-लाइन प्रोबिंग (आरएनए कुठे तुटतो यावरून त्याची रचना वाचायची पद्धत) केलं तर केडी, म्हणजे निम्मा आरएनए व्यापला जातो ते ग्वानीनचं प्रमाण, ५ नॅनोमोलरच्या आसपास आला, म्हणजे छापील आकड्याशी जुळला. पण पेशींना मायक्रोमोलरमध्ये ग्वानीन दिलं तरी बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे लॅकझेडचं प्रोटीन, जवळजवळ तेवढंच राहतं, आणि खूप ओतलं तेव्हा कुठे निम्म्यावर आलं. त्यात तुमचे एक सीनियर म्हणाले की नुसत्या आरएनएला असलं काही ओळखता येणार नाही, मध्ये प्रोटीन असणार आणि तेच तुमच्या स्ट्रेनमध्ये कमी पडतंय. तर स्विच बिघडलाय का, असं तुम्ही विचारलंय.

मला वाटतं स्विच ठीक आहे. तुम्ही दोन प्रयोगांत दोन वेगळे प्रश्न विचारलेत आणि उत्तर एकच यावं अशी अपेक्षा धरलीये. ट्यूबमध्ये तुम्ही विचारलं की भरपूर वेळ दिला तर ग्वानीन आरएनएला किती घट्ट चिकटतं. पेशीत प्रश्न असा आहे की आरएनए तयार होत असताना, तो लिहिणारं पॉलिमरेज पुढे पळत असताना, ग्वानीन वेळेत पोचतं का. मी बरीच वर्षं रायबोस्विचवर काम करतेय आणि नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडखळतो, मीही अडखळले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सीनियरांच्या मुद्द्याबद्दल. लिगँड, म्हणजे स्विचला बसणारा रेणू, ओळखायला प्रोटीन लागत नाही, हे २००२ मध्येच स्पष्ट झालं. येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने बी१२ आणि थायामिन पायरोफॉस्फेटसाठी दाखवलं की एमआरएनएचा सुरुवातीचा भाग एकटाच त्या रेणूला बांधतो, आणि त्याच वर्षी एव्हगेनी नुडलर यांच्या गटाने फक्त शुद्ध पॉलिमरेज, डीएनए आणि लिगँड एवढ्यावर ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए लिहिणं) थांबतं हे दाखवलं. त्याच्या आधी बरीच वर्षं लोक ते हरवलेलं रिप्रेसर (जीन दाबून ठेवणारं) प्रोटीन शोधत होते आणि ते कुणाला सापडत नव्हतं, त्यामुळे सीनियरांची शंका काही उगाच आलेली नाही, त्या काळात सगळ्यांना तसंच वाटायचं. पण तुमच्याकडे तर स्वतःचाच पुरावा आहे. तुमच्या इन-लाइन प्रोबिंगच्या ट्यूबमध्ये प्रोटीन नव्हतंच, आणि तरी जेलवरच्या पट्ट्या बदलल्या.

ए, यू, जी, सी अशी चारच अक्षरं असलेला आरएनए एवढा नेमका कसा ओळखतो? इथे मला थोडं रेंगाळायचंय कारण पुढचं सगळं याच रचनेवर उभं आहे. या अ‍ॅप्टामरमध्ये, म्हणजे स्विचच्या रेणू धरणाऱ्या भागात, अक्षरांच्या जोड्या लागून बनलेले पी१, पी२, पी३ असे तीन दांडे एका चौकात, खरं तर तिकाटण्यावर, येऊन मिळतात. पी२ आणि पी३ च्या टोकाची वेटोळी एकमेकांत अडकून दोन्ही दांडे समांतर उभे राहतात, ते मॅग्नेशियम असलं की बऱ्याच अंशी आधीच तयार असतं. ग्वानीन येऊन बसतं ते त्या तिकाटण्याच्या पोटात, आणि तिथे ७४ क्रमांकाचा सी त्याच्याशी डीएनएत जशी जी-सी जोडी लागते तशीच जोडी लावतो. बाकीच्या बाजू यू २२, यू ४७ आणि यू ५१ धरून ठेवतात. म्हणजे रेणू चहूबाजूंनी वेढला जातो, जवळजवळ पूर्ण गाडला जातो, त्यामुळे एखादा अणू इकडचा तिकडे झाला तरी लगेच कळतं. हायपोझँथिन आणि झँथिन बसतात पण साधारण दहापट ढिले, केडी ५० नॅनोमोलरच्या आसपास, आणि अ‍ॅडेनीन तर हजारो पटींनी कमी. आता त्या सी ७४ चा यू करा, फक्त एक अक्षर, की तोच अ‍ॅप्टामर ग्वानीन सोडून अ‍ॅडेनीन धरायला लागतो. निसर्गातही अगदी असंच आहे. त्याच बॅक्टेरियात पीबीयूई जीनच्या आधी असाच अ‍ॅप्टामर आहे, त्या जागी यू आहे, आणि तो अ‍ॅडेनीन ओळखतो. मी हे पहिल्यांदा जेलवर स्वतः बघितलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचत नव्हतं, अजूनही नवीन विद्यार्थ्यांना पहिला प्रयोग मी हाच करायला देते.

बाकीचे वर्ग वेगळ्या युक्त्या वापरतात. एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनीन ओळखणारा स्विच गंधकावरच्या धन भारावरून त्याला ओळखतो, तो भार नसलेला भाऊबंद शंभरेक पट ढिला बसतो. सगळ्यात विलक्षण फ्लोराइडचा. आरएनएही ऋण, फ्लोराइडही ऋण, खरं तर दोघांनी एकमेकांना ढकलायला हवं. पण आरएनए आधी तीन मॅग्नेशियम आयन जागेवर धरतो आणि फ्लोराइड त्या तिघांच्या मध्ये बसतो, क्लोराइड मोठा असल्याने तिथे मावत नाही. मॅग्नेशियमचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणारे.

आता ओळखलं, पुढे काय? पी१ दांड्याची जी दुसरी बाजू आहे ती अक्षरं दोन ठिकाणी लागू शकतात. ग्वानीन बसलं तर पी१ घट्ट होतो आणि ती अक्षरं तिथे अडकतात. ग्वानीन नसेल तर तीच अक्षरं पुढच्या भागाशी जोडी करून अँटीटर्मिनेटर, म्हणजे लिखाण थांबवणारा टर्मिनेटर बनू न देणारी रचना, बनवतात. अँटीटर्मिनेटर बनला नाही की त्याच्या पुढची अक्षरं मोकळी राहून टर्मिनेटर बनवतात, म्हणजे मजबूत हेअरपिन (स्वतःवरच दुमडलेला दांडा) आणि तिच्यामागे यू ची रांग, आणि पॉलिमरेज तिथे सुटून पडतं. जीन बंद. अर्थ सरळ आहे, एक्सपीटी आणि त्याच्याबरोबरचा पीबीयूएक्स हे प्यूरिन (ग्वानीन, अ‍ॅडेनीन, झँथिन यांचं कुटुंब) आत घेऊन वापरात आणणारे जीन आहेत, ग्वानीन भरपूर असेल तर ते कशाला बनवायचे. पीबीयूईमध्ये अ‍ॅप्टामर जवळजवळ तोच पण पुढची जोडणी उलटी, तिथे पी१ घट्ट झाला की टर्मिनेटरच मोडतो आणि जीन चालू होतो, कारण ते प्यूरिन बाहेर फेकणारं पंप आहे. अ‍ॅप्टामर फक्त ओळखतो, चालू की बंद ते पुढचा एक्सप्रेशन प्लॅटफॉर्म ठरवतो.

आता तुमच्या आकड्यांकडे येते.

हा सगळा निर्णय पॉलिमरेज चालत असताना घ्यावा लागतो. अ‍ॅप्टामर पूर्ण बाहेर आल्यापासून टर्मिनेटर बनायच्या जागेपर्यंत शंभराच्या आतल्याच अक्षरांचं अंतर आहे, आणि बॅक्टेरियातलं पॉलिमरेज सेकंदाला साधारण ४० ते ८० अक्षरं लिहितं. म्हणजे थांबे सोडले तर हातात एक-दोन सेकंद. थांबे धरले तर आणखी काही सेकंद. त्यात शेवटची डझनभर अक्षरं पॉलिमरेजच्या पोटातच असतात, ती बाहेर येईपर्यंत दुमडता येत नाहीत. एवढ्या वेळात ग्वानीनने येऊन बसायचं.

हिशोब करून बघा, मी कागदावर पहिल्यांदा केला तेव्हाच डोक्यात उजेड पडला होता. प्यूरिन अ‍ॅप्टामरला लिगँड बसायचा वेग दर मोलरला दर सेकंदाला एक लाखाच्या घरात धरा. ग्वानीन ५ नॅनोमोलर असेल, म्हणजे बरोबर केडीइतकं, तर एका आरएनएला पहिलं ग्वानीन भेटायला सरासरी २००० सेकंद लागतील, अर्ध्या तासाहून जास्त. पॉलिमरेज तर कधीच पुढे गेलेलं, जीन लिहून झालेला. १ मायक्रोमोलरला १० सेकंद. १० मायक्रोमोलरला १ सेकंद. म्हणजे तुमच्या स्विचला पेशीत बंद व्हायचं तर त्याला आत मायक्रोमोलरमध्ये मोकळं ग्वानीन लागणार, केडी कितीही छोटा असला तरी. आणि उलट बाजूनेही बघा, केडी ५ नॅनोमोलर आणि बसायचा वेग एवढा, तर बसलेल्यांपैकी निम्मे सुटायलाही वीसेक मिनिटं लागतात. एकदा बसलं की त्या आरएनएपुरता निर्णय झाला. त्यामुळे हा स्विच तराजूसारखा मागेपुढे होत नाही, वेळेत बसलं की बंद, नाही बसलं की चालू, आणि लाखो पेशींची सरासरी घेतली की आपल्याला मधला आकडा दिसतो. २००५ मध्ये एफएमएन (बी२ जीवनसत्त्वापासून बनणारा रेणू) ओळखणाऱ्या स्विचवर हे छान दाखवलं गेलं, की पॉलिमरेजचा वेग आणि थांब्यांची लांबी बदलली की स्विच कुठल्या प्रमाणाला वळतो तेही बदलतं. नसए प्रोटीन थांबे लांबवतं, म्हणून तेही आकडा सरकवतं. तेव्हा सीनियरांना सांगायचंच असेल तर एवढं सांगा, की ओळखण्यात प्रोटीन नाही, पण वेळ किती मिळणार यात पॉलिमरेज आणि नसएचा हात आहे.

इन-लाइन प्रोबिंगमध्ये काय असतं ते याच्या शेजारी ठेवा. नेहमीची पद्धत म्हणजे २० मिलिमोलर मॅग्नेशियम, पीएच ८.३, खोलीचं तापमान, ४० तास. आरएनएचा लवचिक भाग आपोआप हळूहळू तुटतो, घट्ट भाग तुटत नाही, आणि तो फरक आपण जेलवर वाचतो. त्याला वेळ लागतोच, त्यात पद्धतीचा दोष नाही. पण ४० तासांत सगळं समतोलात येतं आणि पेशीत मोकळं मॅग्नेशियम एक-दोन मिलिमोलरच असतं, तापमान ३७, म्हणजे आरएनए तिथे जास्त सैल असतो. शिवाय तुम्ही बहुतेक फक्त अ‍ॅप्टामर घेतला असेल, टर्मिनेटरचा भाग सोडून. तो लावा आणि अख्खा आरएनए गरम करून परत दुमडा, बंध ढिला झालेला दिसेल, कारण आता दुसरी रचना त्याच अक्षरांसाठी भांडतेय. यातला कुठलाच आकडा चूक नाही, प्रत्येक आकडा वेगळ्या परिस्थितीतला आहे.

इथपर्यंत मी ठाम आहे. यापुढचं बरंचसं तुमच्या कन्स्ट्रक्टवर (जोडून बनवलेल्या डीएनएवर) आणि स्ट्रेनवर अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून एकेक शक्यता सांगते.

मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचं द्रावण, कुठलं? एलबी (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलेलं नेहमीचं) असेल तर पहिल्यांदा ते बदला. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये प्यूरिन असतातच, म्हणजे तुम्ही ज्याला शून्य म्हणताय तिथे स्विच आधीच बराचसा बंद आहे आणि वरून ग्वानीन घालून फार काही उतरायला जागाच नाही. मी स्वतः याच्यात काही आठवडे घालवलेत, रेघ सरळच्या सरळ, आणि मी प्रत्येक वेळी प्लाझ्मिडच परत सीक्वेन्स करत बसले होते. मिनिमल मीडियात (मोजकेच ठरावीक घटक असलेल्या) नेल्यावर दुसऱ्याच दिवशी फरक दिसला.

ग्वानीन विरघळलं होतं का? साध्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, अल्कलीत स्टॉक करावा लागतो, आणि मीडियात टाकलं की परत बाहेर पडतं. "खूप ओतलं" असं तुम्ही म्हणता त्यातलं किती खरंच द्रावणात होतं कुणास ठाऊक, फ्लास्कच्या तळाशी बारीक पांढरं दिसलं असेल तर समजा. आणि तेवढाच अल्कली नुसता घातलेला कंट्रोल हवाच, नाहीतर पीएचचा परिणाम ग्वानीनच्या नावावर जाईल.

बाहेर घातलेलं ग्वानीन आणि आत मोकळं असलेलं ग्वानीन हे दोन आकडे कधीच सारखे नसतात. आत आल्या आल्या त्याचं जीएमपी, म्हणजे पेशीला वापरता येणारं न्यूक्लिओटाइड, केलं जातं. त्यात गंमत म्हणजे ग्वानीन आत आणणारा पीबीयूजी हा ट्रान्सपोर्टर स्वतःच असल्याच एका ग्वानीन रायबोस्विचखाली आहे, म्हणजे आत ग्वानीन वाढलं की दार आपोआप लोटलं जातं. पेशी तुमच्या प्रयोगाच्या विरुद्ध दिशेने सतत ओढत असते आणि ते तिचं कामच आहे.

रिपोर्टर कधी मोजला? बीटा-गॅलॅक्टोसिडेज टिकाऊ प्रोटीन आहे. वाढीच्या मध्यावर ग्वानीन घातलं आणि अर्ध्या तासाने मोजलं, तर नवीन बनणं पूर्ण थांबलं असलं तरी जुनं तसंच शिल्लक असतं, पेशींची एक विभागणी झाली की फक्त निम्मं होतं. तुमचं "निम्म्यावर आलं" हे वाचून मला पहिली शंका हीच आली. ग्वानीन सुरुवातीपासून ठेवून पाच-सहा विभागण्यांनंतर मोजा, किंवा सरळ आरएनए काढून टर्मिनेटरच्या आधीचा आणि नंतरचा भाग क्यूपीसीआरने (किती प्रती आहेत ते मोजायच्या पद्धतीने) मोजून गुणोत्तर घ्या. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, थेट स्विचचंच काम मोजलं जातं.

आता थोडं नावडतं. तुम्ही एक्सपीटीचा मूळ प्रमोटर (पॉलिमरेज जिथून लिहायला सुरुवात करतं ती डीएनएवरची जागा) ठेवला असेल तर जे निम्मं उतरलं तेही रायबोस्विचमुळे असेलच असं नाही. या ऑपेरॉनवर पुरआर नावाचा रिप्रेसरही बसतो, डीएनएवर, अगदी पारंपरिक प्रोटीन, आणि पेशीत प्यूरिन वाढून पीआरपीपी (प्यूरिनपासून न्यूक्लिओटाइड बनवताना खर्च होणारा रेणू) कमी झालं की तो आवळतो. म्हणजे सीनियरांचं प्रोटीन आहे, फक्त ते स्विचमध्ये नाही, त्याच्या एक पायरी आधी आहे. हे वेगळं काढायला तुमच्याकडे सोपं हत्यार आहे, तेच सी ७४ चं यू करणारं म्युटेशन. त्या म्युटंटमध्ये ग्वानीनने काहीही उतरायला नको. तरी उतरलं तर ते प्रमोटरवरून येतंय, मग पुरआरची जागा नसलेला एखादा सतत चालू प्रमोटर लावा आणि पुन्हा बघा.

कन्स्ट्रक्ट कुठे कापलंय तेही तपासा. रेस्ट्रिक्शन साइट बसवताना यू ची रांग दोन-चार अक्षरांनी कमी झाली की टर्मिनेटर लंगडा होतो, आणि मग अ‍ॅप्टामर कितीही छान बसला तरी पॉलिमरेज निघून जातं. पी१ च्या आधी प्रमोटरकडून आलेली पाच-सहा जादा अक्षरंसुद्धा कधीकधी नको तिथे जोडी लावतात. तुमचं निदान यातलंच एखादं निघालं तर मला नवल वाटणार नाही.

हे सगळं टर्मिनेटर वापरणाऱ्या स्विचबद्दल झालं. दुसऱ्या जातीचे स्विच रायबोसोमची बसायची जागा झाकतात किंवा उघडतात, उदाहरणार्थ व्हिब्रिओ व्हल्निफिकसमधला अ‍ॅड जीनचा अ‍ॅडेनीन स्विच. तिथे आरएनए पूर्ण बनल्यावरही मागेपुढे व्हायला वाव असतो, त्यामुळे केडी आणि पेशीतला आकडा एकमेकांच्या जास्त जवळ येऊ शकतात. जीएलएमएस तर ग्लुकोसामीन-६-फॉस्फेट मिळालं की स्वतःलाच कापतो, तिथे हिशोबच वेगळा. म्हणून दुसऱ्या कुणाचा स्विच केडीलाच वळला असं वाचलंत तर आधी तो कुठल्या जातीचा ते बघा, मग तुलना करा.

माझ्यासमोर हाच प्रश्न असता तर मी असं केलं असतं: आधी मिनिमल मीडिया आणि सी ७४ यू म्युटंट, मूळ स्विच आणि म्युटंट शेजारी-शेजारी, ग्वानीन सुरुवातीपासून. याच्याबरोबर पी१ मोडणारं म्युटेशन आणि तो परत जुळवणारं दुसरं म्युटेशन, असे दोन प्लाझ्मिड आणखी. पी१ मोडला की स्विच कायम चालू राहायला हवा आणि जुळवला की परत ग्वानीनला प्रतिसाद द्यायला हवा. हे चारही अपेक्षेप्रमाणे वागले तर स्विच शाबूत आहे, त्यावर आणखी वेळ घालवू नका.

मग ट्यूबमध्ये परत जा पण यावेळी एकफेरी ट्रान्सक्रिप्शन (प्रत्येक पॉलिमरेज एकदाच लिहील असं) करा, शुद्ध पॉलिमरेज घेऊन, ग्वानीन ० पासून १०० मायक्रोमोलरपर्यंत चढवत, आणि प्रत्येक वेळी पूर्ण लांबीचा आणि टर्मिनेटरवर थांबलेला आरएनए जेलवर मोजा. तोच प्रयोग न्यूक्लिओटाइड कमी करून परत, म्हणजे पॉलिमरेज हळू चालेल. हळू चालवल्यावर कमी ग्वानीनमध्येच स्विच वळला, वक्र डावीकडे सरकला, तर वेळेचा जो हिशोब वर मांडला तो तुमच्या स्वतःच्या स्विचवर तुमच्या हाताने सिद्ध झाला, आणि सीनियरांपुढे ठेवायला ते एक जेल पुरेल. सरकलाच नाही, तर माझा अंदाज तुमच्या कन्स्ट्रक्टपुरता चुकलाय. तसं झालं तर प्रमोटरपासून लॅकझेडच्या पहिल्या कोडॉनपर्यंतचा पूर्ण सीक्वेन्स इथे टाका, मी दुमडून बघते कुठली जोडी आडवी येतेय.